मार, मार, मार, धर

१

लग्नात मला माहेरून भांडी मिळाली, कपाट मिळालं, शिलाई मशीन मिळालं. सासरी आल्यावर मिळाली ती एका गाडीच्या ब्रेकवर पाय ठेवून बसायची नोकरी.

गाडी म्हणजे विलायती स्पोर्ट्स कार. साठेक वर्षांपूर्वीची, बसकी, गोल दिव्यांची, वर पत्र्याचं टप आणि आत दोनच माणसं मावतील एवढी. माझ्या नवऱ्यानं, दत्तप्रसादनं, ती एका भंगारवाल्याकडून उचलली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या म्हणे. त्याचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. दिवसभर तिथं दुसऱ्यांचं काम करायचं आणि चार वाजता कळंब्याला घरी येऊन मागच्या शेडमध्ये स्वतःचं. आमचं लग्न मे महिन्यात झालं, गाडीचं इंजिन जूनमध्ये सुरू झालं. दुसरी तारीख त्याला पाठ आहे.

ब्रेकचे जुने पाइप आतून गंजले होते. ते सगळे काढून त्यानं तांब्याचे नवीन पाइप घातले. स्वतः वाकवले, स्वतः बसवले, आणि खोटं कशाला बोलू, काम देखणं झालं. राहिलं होतं हवा काढायचं. नवीन पाइपात तेलाबरोबर हवा शिरते. ती पुरती निघाली नाही तर पेडल लोण्यात रुतल्यासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. या कामाला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, चाकापाशी पाना घेऊन. दुसरं पेडलवर.

"मार," खालून आवाज येतो. मी पेडल दाबून सोडायचं. "मार. मार. धर." मी दाबून धरायचं आणि सांगायचं, "धरलं." मग तो चाकामागचा छोटा नट ढिला करतो, रबरी नळीतून तेल नि बुडबुडे बाटलीत जातात, माझ्या पायाखाली पेडल खाली खाली जातं. तो नट आवळतो. "सोड." "सोडलं." पुन्हा पहिल्यापासून. त्यानं सांगायच्या आधी सोडलं तर हवा परत आत आणि सगळं मुसळ केरात.

चप्पल घालून बसायचं नाही, अनवाणी पायाला पेडल कळतं असं त्याचं म्हणणं. माझी पोटरी चाळीस आकड्यांपर्यंत धरते. मोजून बघितलंय. तिशीनंतर ती थरथरायला लागते.

"सोडू का?" मी विचारायची.

"थांब की जरा."

नवीन लग्न झालेली जोडपी काय बोलतात मला ठाऊक नाही. आम्ही हे बोलत होतो.

२

"मधेच सोडालीस तू," तो पहिल्या दिवशी म्हणाला.

"नाही सोडलं."

"मग ही हवा कुठनं आली? मी फुंकली व्हय?"

दुसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही. त्यानं प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी कागद कोरडे. एक थेंब नाही. नवीन पाइप, नवीन वायसर, नवीन तेल. शेडमधल्या सगळ्या वस्तू नवीन आणि निर्दोष होत्या. जुनी आणि सदोष म्हणजे काय ती मी, आणि मीही पाचच महिने जुनी.

घाई कशाची होती तेही सांगते. माझं माहेर शाहूवाडीकडं, बांबवड्याच्या पुढं. पाडव्याला पहिला दिवाळसण. जावई याच गाडीतनं येणार असं त्यानं माझ्या वडिलांना फोनवर सांगून टाकलं होतं आणि वडिलांनी ते अख्ख्या गावाला. वाटेत वाघबिळाचा घाटमाथा लागतो. तिथवर चढ आणि तिथनं पुढं उतार, वळणावळणाचा. हँडब्रेकची केबल पुण्याहून यायची होती, ती आलीच नव्हती. म्हणजे त्या उतारावर आम्हा दोघांचा जीव त्या एका पेडलवर. आणि ते पेडल रोज माझ्या पायाखाली लोण्यासारखं रुतत होतं.

"ठेवूया की ही गाडी," मी म्हणाले. "एसटीनं जाऊ. नाहीतर तुमची रोजची गाडी आहेच."

"तुझा पाय नीट ठेव आधी," तो म्हणाला. "मग गाडीचं बघू."

३

सहाव्या दिवशी मी केसांचा क्लिप दातात धरला होता. शेडमध्ये उकडत होतं, अंबाडा सुटला होता, आणि दोन्ही हात मानेमागं. खालून तो म्हणाला, "मार. मार. मार. धर." मी पाय दाबला, धरला. तोंडात क्लिप, म्हणून बोलले काहीच नाही. म्हटलं, अंबाडा बांधून मग सांगते.

पेडल खाली जायला लागलं. म्हणजे त्यानं नट उघडला होता.

मी क्लिप काढला. "अहो, मी सांगायच्या आधी कसं उघडलंत?"

"सांगितलंस की. धरलं म्हणालीस."

"नाही म्हणाले."

खाली पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज. "मग काय कोंबडी बोलली व्हय?"

मी हसले. तोही हसला. शेडला पत्र्याचं छप्पर आहे, आवाज घुमतो, आदल्या वेळचा 'धरलं' त्याच्या कानात राहिला असेल, असं मी स्वतःला समजावलं. समजावण्यात मी हुशार आहे. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र होतं.

त्या दिवशी उतरताना मी पेडल पहिल्यांदा नीट बघितलं. वरचं रबर जुनंच होतं, तेवढं त्यानं बदललं नव्हतं. डाव्या कडेला एक बारीक, अर्धगोल ओरखडा होता. माझ्या उजव्या पायातलं जोडवं बरोबर तिथंच टेकतं. गुजरीतल्या सोनारानं घडवलेली माझी जोडवी. उजव्याला लग्नाच्या आठवड्यातच उंबऱ्यावर आपटून पोचा पडला होता, त्याचाच ओरखडा. यात काही नवल नाही.

फक्त तो फार खोल होता. रबर तिथं पार पत्र्यापर्यंत झिजलं होतं. सहा दिवसांत एवढं झिजत नाही.

४

दसऱ्यानंतर त्यानं पिराजीमामांना आणलं. पिराजीमामा म्हणजे उद्यमनगरातले जुने मिस्त्री, सत्तरीचे. दत्तप्रसाद पाना धरायला त्यांच्याकडंच शिकला. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पाइप झकास घातलायस. मग रडतंय कुठं?"

"पेडलवर," दत्तप्रसाद म्हणाला आणि माझ्याकडं बघितलं.

"सूनबाईंस्नी काय बोलू नगंस. बस पोरी. मी बघतो." ते पोत्यावर आडवे होऊन खाली सरकले. दत्तप्रसादला फोन आला, तो बोलत बोलत फाटकापर्यंत गेला. शेडमध्ये आम्ही दोघंच.

"मार. मार. मार. धर."

"धरलं."

"सोड."

"सोडलं."

मागची दोन्ही चाकं झाली. माझ्या मते मी चोख काम करत होते. पुढच्या डाव्या चाकाला आल्यावर पिराजीमामा थांबले. पुढचा हुकूम येईना. बाटलीत थेंब पडल्याचा टप आवाज आला, मग दुसरा.

"पोरी," ते खालून म्हणाले, "एकीनंच बोला की. दोघी एकदम बोलालाय, मला कळंना झालंय पाय कुणाचा हाय."

मी आरशात बघितलं. मागं सीटच नाही, नुसता पत्रा. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, शेडपर्यंत त्यांच्या मिक्सरचा आवाज येत होता.

"मी एकटीच आहे, मामा."

ते हळूहळू बाहेर सरकले, उठले, आणि खिडकीपाशी येऊन आत बघितलं. माझ्याकडं नाही. माझ्या पायांकडं. मग नळावर जाऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, दोनदा.

सासूबाई चहा घेऊन आल्या. "नको वैनी, जरा गडबड हाय," म्हणाले आणि गेले. कोल्हापुरात पाहुणा आलेला चहा पुढ्यात सोडून जात नाही. भांडण झालं तरी पिऊन जातो.

"काय म्हणाले?" दत्तप्रसादनं विचारलं.

"दोघी बोलताय म्हणाले."

"कान गेल्यात त्यांचं," तो म्हणाला. मग पाना पुसत, "पण मधेच सोडत होतीस का तू?"

५

सासूबाईंना सांगून बघितलं. त्या चकल्या पाडत होत्या.

"आई, त्या गाडीत मला बरं वाटत नाही. कुणीतरी बसल्यासारखं वाटतं."

त्यांनी साचा खाली ठेवला. त्यांचं नाव शालूबाई, पण कळंब्यात त्यांना 'शालूबाई' म्हणायची छाती फक्त शालूबाईंच्या आईला. "अगं, लग्नानंतर असंच वाटतं. मला तर वर्षभर ह्या घरातच कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं. बघितलं तर सासू." त्या स्वतःच हसल्या. "आणि हे बघ, माझा दत्ता त्या गाडीपायी दोन वर्षं नीट जेवला न्हाय. पायच ठेवायचाय न्हवं? ठेव की."

पायच ठेवायचा होता. बरोबर आहे. ते पटतंही, म्हणून जास्त राग येतो.

त्या दिवशी चार वाजता मी गेले आणि बसले. सुतळी ओढून दार लावून घेतलं. दारांचे आतले खटके अजून बसवले नव्हते, डाव्या दाराला सुतळी होती, ड्रायव्हरच्या दाराला तीही नाही, ते बाहेरूनच उघडायचं. म्हणून मी डावीकडून चढून ड्रायव्हरच्या जागी सरकत आले होते.

"आज जरा मनावर घे," खालून आवाज. "मार. मार. मार. धर."

मी धरलं. "धरलं."

"...सोडलंस."

"नाही हो."

"अगं बुडबुडे दिसालेत मला. पुन्हा. मार. मार. मार. धर. सोडलंस. काय करालीस काय वर? मोबाइल बघालीस?"

मोबाइल घरात होता. माझी पोटरी दगड झाली होती. सतरा दिवस. रोज दोन तास. वर माझं चुकतंय, खाली त्याचं कधीच नाही. आणि मला एकदम वाटलं, जाऊ दे. जिला एवढी हौस आहे तिनं धरावं.

"मार," तो म्हणाला.

मी दोन्ही पाय वर घेतले. गुडघे छातीशी धरले, पदर पायांभोवती गुंडाळून घेतला, आणि बसून राहिले.

पेडल खाली गेलं. वर आलं.

"मार. मार. धर."

पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. स्प्रिंगनं बारीक कुईं केलं, तेही थांबलं.

"धरलं," माझा आवाज म्हणाला. माझाच, पण खालून, पेडलपाशी वाकून बसलेलं माणूस बोलेल तसा. मी खाली बघितलं नाही. समोरच्या काचेवर एक मुंगी चालत होती, ती कडेला जाईपर्यंत तिच्याकडं बघत राहिले.

नळीतून तेल जात होतं. एकही बुडबुडा फुटल्याचा आवाज नाही.

"सोड."

"सोडलं."

चारही चाकं झाली. दत्तप्रसाद बाहेर आला, दार उघडून त्यानं वाकून हातानं पेडल दाबलं. ते हललं नाही. दगड.

"बघ," तो म्हणाला. त्याचं तोंड तेलानं माखलेलं आणि इतकं आनंदी मी लग्नातही बघितलं नव्हतं. "आज पहिल्यांदा नीट धरलंस. कसं काय जमलं?"

मी सांगायला हवं होतं. तिथंच, तेव्हाच. पण सतरा दिवसांत पहिल्यांदा तो माझ्याकडं असा बघत होता.

"जमलं," मी म्हणाले.

६

कळंब्याच्या सपाट रस्त्यावर आठ दिवस गाडी फिरली. ब्रेक उत्तम. दत्तप्रसाद भेटेल त्याला सांगायचा, "हवा हिनं काढली." सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं. मी मान खाली घालून हसायची. लोक म्हणायचे, लाजरी आहे.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी असताना माझी उजवी पोटरी दुखायची बंद झाली होती. नुसती दुखायची बंद नाही, तिच्यात काही जाणवतच नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी वापरायला नेल्यासारखी.

७

पाडव्याच्या सकाळी निघालो. बॉनेटवर झेंडूची माळ, मागं फराळाचे डबे, माझ्या पायाशी पाण्याची बाटली. वाघबिळापर्यंत चढ. गाडी मजेत चढली. वर पोचल्यावर त्यानं गिअर काढून न्यूट्रलला टाकली, इथले सगळेच टाकतात, तेवढंच पेट्रोल वाचतं. गाडी आपोआप पळायला लागली.

पहिल्या वळणावर तिचा वेग कमी झाला. छान, अलगद.

"तू काय पाय दाबालीस तिकडं?" तो हसला. "तुझ्या बाजूला पेडल न्हाय."

"मी नाही दाबलं." मी मांडी घालून बसले होते.

"मग मी तरी कुठं दाबलाय अजून," तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण शेवटचा शब्द निम्म्यावर राहिला.

पुढं उतार लांब आणि सरळ होता, खाली डावं वळण, वळणापलीकडं मोकळी दरी. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर खालून चढत येत होता. दत्तप्रसादनं ब्रेक दाबला. मी त्याचा पाय बघितला, गुडघा ताठ होईस्तोवर त्यानं दाबला. पेडल हललं नाही. दगड. आणि गाडी थांबेना. त्यानं दोन्ही पाय ठेवले, पाठ सीटला रेटली. ट्रॅक्टरवाला हात हलवत होता, माळेतली झेंडूची फुलं उडून काचेवर आपटत होती.

मग त्याच्या तोंडून, सतरा दिवसांच्या सवयीनं, ते बाहेर पडलं.

"धर."

"धरलं."

गाडी थांबली. धक्का नाही, चाकं घासल्याचा आवाज नाही. ट्रॅक्टर शिव्या घालत बाजूनं गेला.

दत्तप्रसाद मोठ्यानं श्वास घेत होता. "बरं झालं बाई, तू..." असं म्हणत तो माझ्याकडं वळला. माझे दोन्ही हात तोंडावर होते. त्यानं ते बघितलं. मग आपल्या पायांकडं बघितलं. त्यानं ते कधीच पेडलवरून उचलून मागं घेतले होते, सीटला चिकटवून.

गाडी उतारावर उभी होती. मीही खाली बघितलं. बघायचं नव्हतं, बघितलं. त्याच्या दोन पायांच्या पलीकडं, पेडलवर, तिसरा पाय होता. उजवा. अनवाणी. घोट्याच्या वर काय होतं ते सांगता येणार नाही, डॅशबोर्डच्या खाली अंधार होता. दुसऱ्या बोटात जोडवं होतं आणि जोडव्याला पोचा पडलेला होता.

"सोडू का?" माझ्या आवाजात ते म्हणालं. थकलेलं. जरा वैतागलेलं.

दत्तप्रसादचं तोंड उघडलं. मी हात उचलून त्यावर ठेवला, घट्ट. "थांब," मी खाली बघून म्हणाले. "थांब की जरा."

माझी पोटरी किती धरते मला माहीत होतं. चाळीस. मी मोजायला सुरुवात केली.

आठला सुतळी ओढून मी बाहेर होते. घाटात ट्रकवाल्यांनी टाकलेले दगड कायम पडलेले असतात. एक पुढच्या डाव्या चाकाखाली रेटला, चौदा. दुसरा उचलेना, लोळवत नेला, उजव्या चाकाखाली, सव्वीस. त्याच्या बाजूचं दार बाहेरूनच उघडायचं, उघडलं. तो हलेना. नुसता खाली बघत होता. मी त्याला दंडाला धरून ओढलं, तिशी उलटून गेली. पेडलवरचा पाय थरथरायला लागला होता. आपल्याच पायाची थरथर समोर बघताना काय वाटतं ते मला लिहिता येत नाही. भीती होतीच. पण दयाही आली. तिला कुणी एकदाही ऊठ म्हणालं नव्हतं.

"सोडू का?"

दत्तप्रसाद रस्त्यावर बसला होता. दगड पक्के होते. खाली वळण रिकामं होतं.

"सोड," मी म्हणाले. "बस झालं. सोड."

"सोडलं."

गाडी बोटभर पुढं सरकली, दगडांना टेकली, करकरली आणि राहिली.

८

गाडी तिथंच ठेवून आम्ही मागून आलेल्या एसटीत बसलो. मागच्या बाकावर जागा मिळाली. दत्तप्रसादनं फराळाचा एकच डबा मांडीवर घेतला होता, बाकीचे गाडीत राहिले. माझा हात त्यानं दोन्ही हातांत धरला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तू सोडत नव्हतीस."

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी बाटली उघडून पाण्याचा मोठा घोट घेतला. गिळला नाही, तोंडात तसाच धरला. माझी उजवी पोटरी परत दुखायला लागली होती, ठणका लागला होता, आणि मला तो हवाहवासा वाटत होता. माझा पाय मला परत मिळाला होता.

एसटी शेवटच्या उताराला लागली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, बाकं पुढं झुकली, कुणाचं तरी पोतं घसरलं.

"धरलं."

अगदी जवळून. माझ्या पदराच्या आतून म्हणावं इतक्या जवळून.

दत्तप्रसादनं माझ्या ओठांकडं बघितलं. ते मिटलेले होते, गाल पाण्यानं फुगलेले. त्यानं बराच वेळ बघितलं. मग त्याचे हात माझ्या हातावरून अलगद निघाले आणि डब्यावर जाऊन बसले.